उपाशी ठेवलेले जिवाणू

आमच्या ह्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. भेटला असता तर मी त्याला घरी चहाला बोलावलं असतं.

कारखान्यात त्यांना सगळे भाऊ म्हणतात आणि मला बाई. भाऊ म्हणताना लोकांचा आवाज मऊ होतो, बाई म्हणताना पाठ ताठ होते. कुणाच्या पोराला ताप आला, कुणाचं बायकोशी वाजलं, कुणाला नुसतंच उदास वाटलं, की पावलं आपोआप ह्यांच्या टेबलाकडे वळतात. त्यांच्या खणात बिस्किटं असतात. माझ्या खणात चिमटे, मार्कर आणि थर्मामीटर. गेटवर राखणीला एक चांगला तापट कुत्रा होता. ह्यांनी त्याला इतकं चारलं की आता चोर आला तर तो आधी शेपूट हलवेल आणि मग चोराचा खिसा हुंगेल. कुत्रा बिघडला असं मी म्हटलं, तर सगळे म्हणाले, भाऊंनी त्याला माणसाळवलं.

मी चहा बिनसाखरेचा पिते. लग्नाच्या आधीपासून. आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हे माझ्या कपात गुपचूप अर्धा चमचा साखर घालत आले. पहिल्या घोटालाच मला कळतं. मी कप खाली ठेवते. ते म्हणतात, "अगं, जरा गोड पीत जा, स्वभावाला बरं असतं." लोक खो खो हसतात. मी चहा बेसिनमध्ये ओतते, आणि मग कुणीच हसत नाही. असं किती वर्षं चाललं ते मोजायला बसले तर माझंच डोकं फिरेल.

आमच्या कारखान्यात शहरभरातला झाडपाल्याचा कचरा येतो. गळलेली पानं, कापलेलं गवत, छाटलेल्या फांद्या, शेतातली धाटं, सुतारांचा भुस्सा. त्याचं खत करून पोत्यांत भरून विकायचं, हा धंदा. पानं आणि गवत बिचारं काही त्रास देत नाही, महिन्या-दोन महिन्यांत कुजून मोकळं होतं. खरी डोकेदुखी लाकडाची. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. विटांच्या मध्ये सिमेंट असतं तसा तो लाकडाच्या धाग्यांना घट्ट धरून बसतो. त्याला ओलाव्याने काही होत नाही, उन्हाने काही होत नाही, भल्याभल्यांचे दात त्याच्यावर चालत नाहीत. त्यामुळे आमच्या मागच्या आवारात फांद्यांचे डोंगर नुसते पडून असायचे.

हे लिग्निन खाणारे जिवाणू माझ्याकडे होते. मी शोधलेले. आणि ते कुठल्या जंगलात वगैरे सापडले नव्हते, माझ्या आईच्या मोरीत सापडले होते. मोरीच्या दाराची लाकडी चौकट खालून पाण्याने काळी पडून भुसभुशीत झाली होती. एकदा सुट्टीला गेले असताना मी चमच्याने ते लाकूड खरवडलं आणि स्वच्छ बाटलीत भरून आणलं. आईने कपाळाला हात लावला. "लोकांच्या लेकी माहेराहून लोणचं नेतात," ती म्हणाली, "आमची कन्या कुजकं लाकूड नेते." पुढे ते जिवाणू नावारूपाला आले तेव्हा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिची पोरं माझी चौकट खाऊन मोठी झाली." आम्हाला मूल नाही. आईशिवाय दुसऱ्या कुणी हा विनोद केला असता तर मी त्याचं तोंड पाहिलं नसतं.

ह्या जिवाणूंना सांभाळायची एकच रीत आहे. त्यांना उपाशी ठेवायचं. पाण्यात थोडे क्षार आणि बारीक दळलेलं लिग्निन, बस. खायचं असेल तर ते खा, नाहीतर मरा. लिग्निन तोडायला त्यांना आपल्या अंगातून एक हत्यार घडवावं लागतं आणि त्यात बरीचशी ताकद जाते. म्हणून ते सावकाश वाढतात, त्यांचं पाणी कधी दाट होत नाही, बघणाऱ्याला वाटतं की ह्यात काहीच नाही. त्यांना साखर दिली तर ते दोन दिवसांत फोफावतात. पण आयतं मिळायला लागलं की हत्यार कोण घडवणार? ज्यांना ते घडवता येत नाही असे ऐतखाऊ भराभर वाढतात, आणि कष्ट करणारे त्यांच्या गर्दीत बुडून जातात. काही आठवड्यांत बाटलीत नाव तेच उरतं, आत मात्र सगळे साखरेवर पोसलेले.

ते कामाचे आहेत की नाहीत हे बघायला आमच्याकडे निळ्या प्लेटी असतात. काचेच्या बशीत जेली ओतायची आणि जेलीत एक निळा रंग घालायचा. हा रंग लिग्निनसारखाच चिवट. ज्याला लिग्निन तोडता येतं त्याला हा रंगही तोडता येतो. मग जिवाणूंच्या ठिपक्याभोवतीचा निळा उडून जातो आणि चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. खळं पडलं की माझा दिवस चांगला जायचा. एवढंच माझं सुख होतं, आणि ते मला पुरायचं.

प्रयोगशाळेत मी प्रमुख आणि हे माझ्या हाताखाली. जिवाणूंचं खाणं तयार करणं, काचसामान वाफेत निर्जंतुक करणं, बाहेरच्या मोठ्या टाकीवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. कामात अतिशय नीटनेटके. त्यांनी धुतलेल्या बाटलीत आपलं तोंड बघून घ्यावं. फक्त जिवाणूंना उपाशी ठेवणं त्यांना कधी पटलं नाही. "बाळं वाळली गं," म्हणायचे. मी म्हणायचे, "वाळू देत. त्यासाठीच ठेवलीत." त्यावर ते खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायचं, गंमत करताहेत.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. मालक तसे वाईट नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसावी लागते. ते म्हणाले, "बाई, किती वर्षं ऐकतोय मी तुमच्या जिवाणूंचं. मागचा ढीग काही हलत नाही. मी बॉयलर बघून ठेवलाय. लाकूड जाळू, वाफ करू, पलीकडच्या रंगाच्या कारखान्याला विकू."

"आणि प्रयोगशाळा?" मी विचारलं.

"बॉयलर आला की प्रयोगशाळा कशाला? भाऊंना बॉयलरवर घेऊ, त्यांची काही चिंता नाही." माझं काय करणार, हे ते बोलले नाहीत.

मी त्यांच्याकडून एक हिवाळा मागून घेतला. निव्वळ लाकडाचा एक ढीग रचायचा, त्यावर टाकीतले जिवाणू नेमाने शिंपडायचे, झाकून ठेवायचा. ऊन तापायला लागलं की सगळ्यांसमोर उघडायचा. लाकूड बोटाने चुरडलं गेलं तर प्रयोगशाळा राहील. नाही चुरडलं तर मी गप घरी जाईन. मालक हसून म्हणाले, "लेखी देता?" मी म्हटलं, "तोंडी देते, माझं तोंड लेखीपेक्षा पक्कं आहे." आयुष्यभराचं काम पणाला लावलं होतं, पण मला भीती वाटली नाही. माझी पोरं मला माहीत होती.

ढीग रचून झाला आणि धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे माझा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन, आईजवळ राहतो. आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याची बायको नोकरी करणारी, घरात तिसरं माणूस नाही. मला जाणं भाग होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी ह्यांना प्रयोगशाळेत उभं करून सगळं पुन्हा सांगितलं. "टाकीत क्षार आणि लिग्निन, तिसरं काही नाही. वाढ दिसली नाही तरी घाबरायचं नाही. साखरेचा डबा त्यांना लांबून दाखवायचासुद्धा नाही."

"मी काय नवीन आहे का इथे?"

"नवीन नाही, म्हणूनच सांगते."

"जा गं तू. आईंना बघ. मी आहे ना." आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवून माझा अंबाडा विस्कटला, सगळ्यांदेखत. पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

माहेरी गेले ते सगळा हिवाळा तिथेच गेला. आई अंथरुणाला खिळली होती, पण तोंड शाबूत होतं. तिला चाकाच्या खुर्चीवरून मोरीत न्यायचं तर खुर्ची दारातून जाईना. शेवटी धाकट्याने ती जुनी चौकट उपटून काढली आणि दार रुंद केलं. चौकट खालून इतकी पोकळ झाली होती की त्याला फार जोर लावावा लागला नाही. त्याने ती मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. आई म्हणाली, "तुझ्या पोरांना घराबाहेर काढलं गं." मी हसले. मी जिवाणूंचा विचारही करत नव्हते. आईला कुशीवर वळवणं, पाठीला जखमा होऊ न देणं, तिला चार घास भरवणं, ह्यातच दिवस जायचा.

हे रोज फोन करायचे. आईंना कसं आहे, तू जेवलीस का, झोप होते का. मी विचारायचे, "टाकी?" तर म्हणायचे, "टाकी मस्त. बाळं बाळसं धरताहेत. मालक रोज येऊन बघतात, एकदम खूश आहेत." बाळसं हा शब्द माझ्या कानाला खटकायला हवा होता. पण आईने तेव्हा खाणं सोडलं होतं, आणि मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. हिवाळा सरता सरता ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, शेवटपर्यंत धाकट्याला शर्ट इस्त्री कर म्हणून सांगत होती.

मी परत आले त्या दिवशी कारखान्यातल्या लोकांनी मला चांगलं वागवलं. दोघीतिघी गळ्यात पडल्या. मालक स्वतः दारापर्यंत आले. "बाई, वाईट झालं," म्हणाले, आणि लगेच चेहरा उजळून, "पण तुमची टाकी बघा! भाऊंनी कमाल केली."

टाकीपाशी जायच्या आधीच मला वास आला. पाव फुगवताना पिठाला येतो तसा, गोडसर. माझ्या जिवाणूंना कधी असा वास नव्हता. त्यांचा वास ओल्या लाकडाचा, पावसात भिजलेल्या दारासारखा. मी झाकण उचललं. आतलं पाणी दुधासारखं दाट झालं होतं, वर फेस. मालक माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "आता कसं दिसतंय बघा. पूर्वी नुसतं पाणी असायचं." मी थेंबभर घेतलं, आत गेले आणि निळ्या प्लेटींवर पसरलं.

प्लेटींना वेळ लागतो. त्या दिवसांत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं, आईचं दुःख आहे. ते माझ्यासाठी मऊ भात करत होते, पाय चेपून देऊ का विचारत होते.

मग एका सकाळी मी प्लेटी काढल्या. ठिपके उगवले होते, गुबगुबीत, चकचकीत. एकाभोवतीही खळं नव्हतं. प्लेट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत निळीच्या निळी.

"टाकीत काय घातलंत?" मी विचारलं.

हे बाटल्या पुसत होते. "कुठे काय?"

"अहो, काय घातलंत?"

"थोडीशीच गं," ते म्हणाले. पुसायचं थांबले नाहीत. "मालक रोज डोकवायचे. म्हणायचे, बाई काय नळाचं पाणी शिंपडायला ठेवून गेल्या का. सगळ्यांसमोर म्हणायचे. मला तुझ्यासाठी वाईट वाटायचं. तू तिकडे आईंच्या उशाशी, आणि इकडे तुझी अशी थट्टा. म्हणून चिमूटभर साखर घातली. तर काय तरारून आले! मग मला त्यांना पुन्हा उपाशी ठेवायला जिवावर आलं."

मी फ्रीजरकडे धावले. अतिथंड फ्रीजरमध्ये माझे मूळ जिवाणू होते, छोट्या कुप्यांत गोठवलेले, आईच्या मोरीतून थेट आलेले. जगात दुसरीकडे कुठे नव्हते. इतर संस्थांनी मागितले तेव्हा मालकांनी देऊ दिले नव्हते, घरचं गुपित बाहेर कशाला म्हणून. मी डबा उघडला. कुप्या नवीन होत्या. चिठ्ठ्या नवीन, ह्यांच्या गोल गोल अक्षरातल्या.

"ते जुने फार मरतुकडे झाले होते," माझ्या मागे उभं राहून हे सांगत होते. "एक वितळवून पाहिली तर दिवस दिवस उगवेनात. म्हटलं, तू आल्यावर तुला वाईट वाटेल. म्हणून टाकीतले टवटवीत घेऊन सगळ्या भरून ठेवल्या. जुन्या कुप्या मी धुऊन ठेवल्यात. वाया काही घालवलं नाही."

त्या तिथेच होत्या, फडताळात, पालथ्या, ओळीने. लखलखीत.

मी ओरडले. आयुष्यात एवढी कधी ओरडले नव्हते. काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण तुम्ही चांगले नाही आहात, तुम्हाला फक्त चांगलं दिसायचं असतं, एवढं बोलल्याचं आठवतं. पॅकिंगच्या बायका दारात जमल्या. हे मान खाली घालून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई गेली ना बाईंची," कुणीतरी हळूच म्हणालं. "म्हणून काय झालं," दुसरीने उत्तर दिलं, "भाऊ म्हणून सोसतात."

सगळे गेल्यावर मला चौकट आठवली. मागच्या अंगणात, भिंतीला टेकवलेली. मूळ घरच ते. एक तुकडा मिळाला तरी मी सगळं पहिल्यापासून उभं करू शकत होते. मालकांकडे पदर पसरून आणखी वेळ मागितला असता, ह्यांच्यावरचा राग गिळला असता. मी धाकट्याला फोन लावला.

"अरे, मोरीची ती जुनी चौकट जपून ठेव. मी उद्याच येते न्यायला."

"ताई, ती चौकट कुठे राहिलीय आता?"

"म्हणजे?"

"जाळली ना आपण. शेवटी शेवटी आई किती कुडकुडायची आठव. आणि गिझर नेमका तेव्हाच बंद पडलेला." इलेक्ट्रिशियनच्या घरचा गिझर, तो बंद पडणारच. "तू मागे तीन दगड मांडून पाणी तापवायला बसलीस. मी विचारलं, ताई, ही चौकट तोडून घालू का? तर म्हणालीस, घाल, काय पुजायचीय का ती. माझे सगळे फ्रीजरमध्ये सुखरूप आहेत, म्हणालीस. मला तेव्हा काही कळलं नाही, मी आपली घातली."

मला खरंच आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. धूर माझ्या डोळ्यांत गेला होता. पाणी कढत झालं होतं. आम्ही दोघांनी आईला खुर्चीवरून मोरीत नेलं होतं आणि मी तिच्या पाठीवर तांब्याने ते पाणी सोडलं होतं, सावकाश, कारण तिची कातडी कागदासारखी झाली होती. तिने डोळे मिटले होते आणि म्हणाली होती, "आज बरं वाटलं गं." त्यानंतर ती असं काही बोलली नाही.

त्या पाण्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तीच चौकट घालीन. पण ह्यांच्यावर धरलेला राग माझ्या हातातून तेव्हा सुटला, आणि दुसरं धरायला काही उरलं नाही. ह्यांनी जे केलं ते मायेने केलं आणि मी जे केलं तेही मायेनेच केलं, असं म्हणून स्वतःची समजूत घालता येते. मी घालून पाहिली. ती बसत नाही. त्यांनी साखर घातली नसती तर माझ्या चौकटीचं काही वाटलं नसतं. हे खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

पुढचे सगळे दिवस मी त्या गुबगुबीत जिवाणूंमधून एखादा तरी कष्टाळू सापडतोय का ते शोधत राहिले. प्लेटीमागून प्लेटी ओतल्या. साखर बंद करून पुन्हा लिग्निनवर ठेवले, तर ते निमूटपणे मेले. हे माझ्यासाठी प्लेटी धुऊन देत होते. आमच्यात बोलणं नव्हतं. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "एकही नाही?" मी मान हलवली.

मालकांनी ठरलेल्या दिवशी ढीग उघडला. झाडून सगळे जमले होते, पॅकिंगच्या बायका, ड्रायव्हर, गेटवाला, कुत्रासुद्धा. दोन कामगारांनी वरचं आच्छादन काढून फावड्याने ढीग फोडला. आतून गोडसर वाफ आली. मालकांनी वाकून एक फांदी उचलली, दोन्ही हातांनी वाकवली. ती कडकन मोडली. मोडलेलं टोक आतून स्वच्छ, पिवळं, आजच तोडल्यासारखं. त्यांनी दुसरी उचलली. तीही तशीच. तिसरी त्यांनी माझ्या हातात दिली.

"हे घ्या बाई. चुरडा," ते म्हणाले.

मी बोलणार होते. काय बोलणार होते ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्याआधीच हे पुढे झाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मालक, बाईंचा काही दोष नाही," ते म्हणाले. "मी टाकीत साखर घातली. तिने घालू नको म्हणून सांगितलं होतं, तरी घातली. फ्रीजरमधले मूळ जिवाणूही मीच फेकले. तिचं सगळं आयुष्याचं काम माझ्यामुळे गेलं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ह्यांचा अभिमान वाटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांसमोर अशी गोष्ट सांगितली होती की जिने ते वाईट ठरले असते.

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ," ते म्हणाले, "तुम्ही असं करणाऱ्यातले नाही, हे मला कुणी सांगायला नको. टाकी मी रोज माझ्या डोळ्यांनी बघत होतो. तुम्ही होतात तोवर कशी भरलेली होती."

"नाही हो, खरंच—"

"पुरे. बायकोची चूक अंगावर घ्यायला मोठं मन लागतं. पण मला इतकं खुळं समजू नका."

मागून कुणीतरी नाक ओढलं. पॅकिंगची एक बाई पदराने डोळे पुसत होती.

मी म्हटलं, "ते खरं सांगताहेत. साखरेनेच गेले सगळे."

बोलले आणि तेव्हाच कळलं की बोलायला नको होतं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मालकांनी तर माझ्याकडे असं बघितलं, जसं रस्त्यात पडलेल्या माणसाचं पाकीट काढणाऱ्याकडे बघावं.

"बाई," ते म्हणाले, "आज तरी त्यांना पुढे करू नका. तुमची आई गेलीय, म्हणून मी जास्त बोलत नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, एवढंच सांगतो."

हे पुन्हा पुन्हा सांगत होते. एकेकाचा हात धरून सांगत होते, गेटवाल्यालासुद्धा. जितकं सांगत होते तितके लोक जास्त गहिवरत होते. शेवटी ते थकले आणि त्या ढिगाच्या कडेला बसले. कुत्रा त्यांच्याजवळ गेला आणि त्यांचा खिसा हुंगायला लागला.

बॉयलर आला. लाकडाचे डोंगर भराभर कमी झाले. हे आता बॉयलरवर असतात आणि त्यांच्याभोवती थंडीच्या दिवसांत सगळे शेकायला बसतात. प्रयोगशाळेचं गोदाम झालं. सामान बांधायला म्हणून मी शेवटचे काही दिवस जात होते. प्लेटी फोडायच्या आधी वाफेत घालाव्या लागतात, तो नियम कुणी बघणार नव्हतं तरी मी पाळला. शेवटची प्लेट खिडकीत धरून पाहिली. निळीच होती.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. दारात पॅकिंगच्या दोघी निरोप द्यायला थांबल्या होत्या. मी पहिला घोट घेतला.

साखर नव्हती.

"नाही घातली," हे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आता कधीच घालणार नाही. शपथ."

"बघा," दारातली एक दुसरीच्या कानात म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात. "आता चहातसुद्धा त्यांना काही घालू देत नाही."

चहा मला हवा तसाच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी उठले आणि तो बेसिनमध्ये ओतला.